विमान शिकवणाऱ्याची मिळकत

दापोडी म्हटले की एस. टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा डोळ्यांपुढे येते. राज्यात अशा कार्यशाळा तीनच. दुसरी चिकलठाण्याला आणि तिसरी नागपूरजवळ हिंगण्याला. आपल्या भागातल्या रस्त्यांवर धुरळा उडवीत येणाऱ्या कितीतरी गाड्यांचे सांगाडे नि इंजिने कधी ना कधी दापोडीच्या कामगारांच्या हाताखालून गेलेली असतात. पण याच दापोडीत, मुळा-पवनेच्या काठाला उभे राहून मान वर केली, तर लोहगावच्या विमानतळाकडे निघालेली विमानेही दिसतात. तिथल्या पोरांना गाडीच्या इंजिनाचा आवाज नि विमानाच्या इंजिनाचा आवाज सारखाच ओळखीचा. तेव्हा त्यातल्या एखाद्याने "मी विमान चालवणार" म्हटले, तर त्यात नवल ते काय?

नवल नाही, पण हिशेब आहे. आज जो विषय घेतला आहे तो त्या हिशेबाचा.

चाकण, खेड, मावळ या पट्ट्यात कारखान्यांसाठी जमिनी गेल्या आणि अनेक घरांत एकरकमी पैसा आला. ज्यांच्या जमिनी गेल्या नाहीत त्यांच्या जमिनींना भाव आला. मग मुलगा किंवा मुलगी बारावीला आली की घरात बोलणे निघते, आणि ते गुरुजींच्या कानावर येते. बाप म्हणतो, "गुरुजी, पोराला पायलट करायचं म्हणतोय. पन्नासेक लाख लागतील म्हणे. कंपनीत लागला तर उत्तमच. नाहीच लागला, तर विमान शिकवायची मास्तरकी तरी करील. त्यांनाही लाखानं पगार असतो."

या बोलण्यातले शेवटचे वाक्य नीट उलगडून पाहिले पाहिजे. कारण पन्नास लाखांचा सगळा भार शेवटी त्या वाक्यावर टेकवलेला असतो. कंपनीची नोकरी ही आशा झाली आणि मास्तरकी ही खात्री. ती खात्री कितपत पक्की आहे?

आधी हा मास्तर कोण ते पाहू. शिकाऊ विमान लहान असते, दोन किंवा चार जणांचे. पुढे दोन खुर्च्या. डावीकडे विद्यार्थी बसतो, उजवीकडे प्रशिक्षक. सुकाणू दोघांपुढे, पायाखालचे पट्टे दोघांकडे. प्रशिक्षकाचे काम निम्मे हातांचे आणि निम्मे जिभेचे. हातांनी विमान उडवीत असतानाच, आपण काय करतो आहोत आणि का करतो आहोत, हे त्याला नेमक्या वेळी नेमक्या शब्दांत बोलावे लागते. या बोलण्याला त्यांच्या धंद्यात 'पॅटर' म्हणतात आणि ते अगदी पाढ्यासारखे घोकलेले असते. नंतर विद्यार्थ्याच्या हाती विमान दिले, की तो चुकेपर्यंत गप्प बसायचे, आणि चूक हाताबाहेर जाण्याच्या क्षणभर आधी हात घालायचा. तो क्षण ओळखणे ही खरी विद्या. वर्गात गणित चुकले तर पाटी पुसता येते. इथे जमीन वर येत असते.

ही विद्या आपल्या महाराष्ट्रात नवी नाही. मुंबईत जुहूला १९२८ साली बॉम्बे फ्लाइंग क्लब स्थापन झाला. जे. आर. डी. टाटांनी तिथेच विमान शिकून १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना मिळवला. हिंदुस्थानात दिलेला तो पहिला परवाना. पुढे मुंबईचे आभाळ मोठ्या विमानांनी गजबजले आणि शिकाऊ विमानांना तिथे जागा उरली नाही. या क्लबाचे शिकवण्याचे काम धुळ्याला गेले. धुळे जिल्ह्यातच शिरपूरलाही धावपट्टी आहे. गोंदियाजवळ बिरसीला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेल्या विमानतळावर, मोठी प्रशिक्षण संस्था आहे. आणि आपल्याला सर्वांत जवळची म्हणजे बारामती.

बारामतीच का, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. ऊस आणि कालव्यासाठी आपण बारामती ओळखतो. पण तो मूळचा अवर्षणप्रवण मुलूख. सह्याद्रीने पावसाचे ढग अडवले की पलीकडे जे कोरडे आभाळ उरते, ते शेतकऱ्याला शाप आणि विमान शिकवणाऱ्याला वरदान. शिकाऊ विमान डोळ्यांच्या भरवशावर उडते. नियमाने सामान्यतः पाच किलोमीटरपर्यंतचे स्पष्ट दिसले पाहिजे, आणि ढगांपासून अंतर राखले पाहिजे. ज्या जागी वर्षातले जास्तीत जास्त दिवस स्वच्छ, ती जागा शिकवण्याला चांगली. प्रशिक्षकाच्या मिळकतीत हवामान असे पहिल्यापासूनच शिरलेले असते.

आता पगाराकडे येऊ. व्यावसायिक परवान्यासाठी वयाची अठरा वर्षे पुरी लागतात आणि दोनशे तासांचे उड्डाण लागते. तो हाती आल्यावर लगेच शिकवता येत नाही. शिकवण्याचा वेगळा अभ्यास, उजव्या खुर्चीतून उडवण्याचा वेगळा सराव, वेगळी परीक्षा, आणि या सगळ्याचा आणखी काही लाखांचा खर्च. हे उरकले की माणूस सहायक प्रशिक्षक होतो. तो वरिष्ठ प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकवतो. विद्यार्थ्याला पहिल्यांदा एकटे उडायला सोडण्याचा अधिकार त्याला नसतो. पुरेसे तास शिकवून झाल्यावर आणि पुन्हा परीक्षा दिल्यावर तो पूर्ण दर्जाचा प्रशिक्षक होतो. संस्थेच्या शिरोभागी मुख्य प्रशिक्षक असतो, आणि तो नसेल तर संस्थेचे शिकवणेच अडते.

ढोबळ मानाने सांगायचे तर सहायक प्रशिक्षकाची मिळकत महिना ६० हजारांपासून लाख-सव्वा लाखापर्यंत, पूर्ण दर्जाच्या प्रशिक्षकाची दीड लाखापासून तीन लाखांच्या घरात, आणि मुख्य प्रशिक्षकाची त्याहून वर. संस्थेसंस्थेत यात बराच फरक पडतो. म्हणजे "लाखानं पगार असतो" हे खोटे नाही. पण हे आकडे तीन वेगवेगळ्या माणसांचे आहेत. मुख्य प्रशिक्षकाच्या जागी बसलेला गृहस्थ बहुधा हजारो तासांचा अनुभव गाठीला बांधून आलेला असतो. पुष्कळदा तो हवाई दलातून निवृत्त झालेला असतो. बावीस वर्षांच्या पोराने त्याचा पगार आपला समजून जमिनीचा सौदा करणे म्हणजे पोलीस पाटलाच्या मुलाने कमिशनरच्या पगारावर उधारी करण्यासारखे आहे.

बरे, नवख्याची मिळकत लाखाच्या आसपास धरली, तरी ती दरमहा तेवढीच येते का? इथे या धंद्याची खरी खोच आहे.

शाळामास्तराचा पगार महिन्यावर असतो. पाऊस पडो वा सुटी असो, पहिल्या आठवड्यात तो यायचा. विमान मास्तराची मिळकत पुष्कळ संस्थांत तासावर असते. थोडा ठोक पगार आणि वर प्रत्येक उड्डाणतासाला ठरलेली रक्कम. तास मोजायचा तो विमान उडण्यासाठी जागचे हलल्यापासून परत येऊन थांबेपर्यंत. उड्डाणाआधी फळ्यापुढे तासभर समजावले, उतरल्यावर अर्धा तास चुका सांगितल्या, धुके विरण्याची वाट पाहत सकाळी सहापासून नवापर्यंत चहा पीत बसला, तर ते त्या तासांत धरत नाहीत. रिक्षावाल्याला हे लगेच कळेल. मीटर पडल्याशिवाय पैसा नाही, आणि स्टँडवरचा वेळ ज्याचा त्याचा.

मीटर पडण्याला अडथळे किती, ते पाहा. पहिला पाऊस. जून ते सप्टेंबर ढग खाली येतात, वारा आडवा लागतो, आणि शिकाऊ विमाने दिवसचे दिवस शेडमध्ये उभी राहतात. बारामतीत हे कमी, पूर्व विदर्भातल्या गोंदियाला जास्त. उन्हाळ्यात आभाळ स्वच्छ, पण दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट उठतात आणि लहान विमान खड्ड्यातल्या बैलगाडीसारखे हिंदकळते. शिवाय गरम हवा विरळ, त्यामुळे विमानाला जमीन सोडायला धावपट्टी जास्त लागते. नवशिक्याला अशा वेळी नेण्यात अर्थ नसतो. म्हणून उन्हाळ्यातले शिकवणे पुष्कळसे सकाळी लवकर उरकावे लागते. (आपल्या हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रावर मात्र बिनइंजिनाची विमाने याच उन्हाच्या लोटांवर तरंगत ठेवायला शिकवीत. एकाचा अडथळा तो दुसऱ्याचे इंधन!)

दुसरा अडथळा विमानाचा स्वतःचा. दापोडीच्या कार्यशाळेत काम केलेल्या माणसाला हे निराळे सांगायला नको. एस. टी.ची गाडी जशी ठरलेल्या किलोमीटरला डॉकिंगला घेतात, तसे शिकाऊ विमान दर ५० तासांनी आणि दर १०० तासांनी तपासणीला जाते, आणि सुमारे दोन हजार तासांनी त्याचे इंजिन पुरते उघडावे लागते. फरक एवढाच, की गाडीचा सुटा भाग इथल्या बाजारात मिळतो आणि यातल्या बहुतेक विमानांचा भाग परदेशातून यावा लागतो. तो येईपर्यंत विमान उभे, विद्यार्थी उभा, आणि मास्तरचा मीटरही उभा. संस्थेच्या माहितीपत्रकात विमाने दहा असली, तरी आज सकाळी उडण्याजोगी किती, हा आकडा निराळा असतो. मिळकत त्या दुसऱ्या आकड्यावर ठरते.

तिसरा अडथळा फार चमत्कारिक आहे, आणि शिक्षक वाचकांनी तो मुद्दाम लक्षात घ्यावा. व्यावसायिक परवान्यासाठी जे दोनशे तास लागतात, त्यांतले शंभर तास विद्यार्थ्याने स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून उडवायचे असतात, म्हणजे मुख्यतः एकट्याने. मास्तर तेव्हा खाली, जमिनीवर. जबाबदारी त्याची असते, जीवही त्याचाच टांगणीला असतो, पण तो विमानात नसतो. तासावर पैसे देणाऱ्या संस्थेत त्या वेळेचा मोबदला एक तर कमी, नाही तर मुळीच नाही. आपल्या शाळेत शिष्य शहाणा झाला तर गुरूला शाबासकी मिळते. इथे शिष्य शहाणा झाला की गुरूचा तास बुडतो. अशा हिशेबात काही ठिकाणी विद्यार्थ्याला एकटे सोडायला उशीर होतो, अशी कुरकूर पालकांकडून ऐकू येते. ती नेहमीच खरी असेल असे नाही. पण ज्या पद्धतीत ढिलाई केली तर पैसा वाढतो आणि कसोशी केली तर घटतो, ती पद्धत मला तरी चांगली वाटत नाही. ठोक पगार देणाऱ्या संस्थेकडे माझा कल आहे, मग तो आकडा जाहिरातीत थोडा लहान का दिसेना.

चौथा अडथळा अचानक येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांच्या आत दोन शिकाऊ विमाने कोसळली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संबंधित संस्थेचे प्रशिक्षण स्थगित केले. सुरक्षेसाठी ते योग्यच होते. पण अशा वेळी संस्थेतल्या प्रत्येक प्रशिक्षकाचे मीटर एका दिवसात थांबते, दोष कुणाचाही असो.

आता हे सगळे एका उदाहरणात घालून पाहू. आकडे मी सोयीसाठी धरतो आहे. समजा, एका संस्थेने सहायक प्रशिक्षकाला ३० हजार रुपये ठोक आणि तासाला १,५०० रुपये कबूल केले. हिवाळ्यातल्या चांगल्या महिन्यात तो ६० तास उडाला, तर ९० हजार आणि ३० हजार मिळून १ लाख २० हजार झाले. हाच आकडा तो गावी फोन करून सांगतो आणि हाच आकडा पारावर फिरतो. नोव्हेंबर ते मे असे सात महिने ६० तासांचे धरा, म्हणजे ४२० तास. पावसाळ्याच्या चार महिन्यांत महिना १२ तास मिळाले, ते ४८. ऑक्टोबरात ३२. वर्षाचे एकूण पाचशे तास. त्यांचे साडेसात लाख, आणि ठोक पगाराचे तीन लाख साठ हजार. बेरीज ११ लाख १० हजार. बाराने भागले तर महिना ९२,५०० रुपये. आणि जुलैत प्रत्यक्ष हाती आले ते ४८ हजार. वर्ष चांगले गेले, विमान मोडले नाही, मास्तर आजारी पडला नाही, असे धरून हे.

वाईट नाहीत, म्हणाल. खरेच वाईट नाहीत. आपल्याकडे कितीजण महिना ९२ हजार पाहतात? पण दुसरी बाजू मांडल्याशिवाय जमाखर्च पुरा होत नाही. शिकण्याला पन्नास लाख लागले आणि ते बँकेकडून घेतले असे समजा. व्याज अकरा टक्के, मुदत दहा वर्षे. हप्ता येतो महिना सुमारे ६९ हजार रुपये. दहा वर्षांत बँकेला परत जातात सुमारे ८२ लाख ६५ हजार. साडेब्याण्णव हजारांतून एकोणसत्तर गेले, उरले साडेतेवीस. त्यात खोलीचे भाडे, जेवण, दर वर्षीची वैद्यकीय तपासणी, अधिकारपत्राचे नूतनीकरण. आणि जुलैत हाती अठ्ठेचाळीस, हप्ता एकोणसत्तर. एकवीस हजारांची खिंड कुठून भरायची? बहुधा बापाच्या खिशातून. कर्ज न काढता जमीन विकली असेल तर हप्ता नाही, हे खरे. पण मग जमीनही नाही.

"पण गुरुजी, ही मास्तरकी कायमची थोडीच करायची आहे? तास झाले की कंपनीत जाईल." हेही ऐकू येते, आणि ते बहुधा अमेरिकेहून आलेले शहाणपण असते. तिथली गोष्ट वेगळी आहे. २००९ साली तिथे बफेलो शहराजवळ एक प्रवासी विमान कोसळले. त्यानंतर २०१० साली कायदा झाला, आणि २०१३ पासून प्रवासी कंपनीत सहवैमानिक व्हायलाही साधारणपणे दीड हजार तासांचे उड्डाण लागू लागले. नव्या वैमानिकाकडे असतात दोन-अडीचशे तास. उरलेले हजार-बाराशे आणायचे कुठून? दुसऱ्यांना शिकवून. म्हणून तिथला तरुण तुटपुंज्या पैशावरही मास्तरकी पत्करतो. त्याची खरी मजुरी पैशात नसून वहीत साठणाऱ्या तासांत असते. तिथे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना मात्र तिथे काम करण्याची मुभा सहजी मिळत नाही, हे जाण्याआधी पाहावे.

आपल्याकडे नियम निराळा. दोनशे तासांचा परवाना आणि त्यावर एका विशिष्ट मोठ्या विमानाचे प्रशिक्षण (त्याचेही आणखी पंधरा-वीस लाख धरा) एवढ्यावर सहवैमानिकाच्या खुर्चीत बसता येते. कप्तान व्हायला दीड हजार तास लागतात, पण ते त्या खुर्चीत बसूनच भरता येतात. मग आपल्याकडे तरुण प्रशिक्षक होतो तो बहुतांशी दोन कारणांनी. एक तर त्याला शिकवणे मनापासून आवडते. असे लोक आहेत, आणि ते संस्थेचे सोने आहेत. नाही तर कंपन्यांची भरती थांबलेली असते.

आणि भरती थांबते, मंडळी. २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज. मार्च २०२० मध्ये करोनाने सगळीच विमाने जमिनीवर आणली. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. उलट त्याच २०२३ साली फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० आणि जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. कांद्याच्या भावासारखे हे आहे. भाव चढला की सगळे लावतात, आणि काढणीला येईतो भाव कुठे असेल सांगता येत नाही. परवाना घेऊन बाहेर पडायला दीड-दोन वर्षे तरी जातात, पुष्कळदा अधिकही.

आता त्या बापाच्या खात्रीकडे पुन्हा पाहा. कंपन्यांची भरती जोरात असते तेव्हा प्रशिक्षक संस्था सोडून कंपनीत जातात, प्रशिक्षकांचा तुटवडा पडतो आणि त्यांना भाव येतो. पण तेव्हा तुमच्या मुलालाही कंपनीतच जागा असते. भरती थांबते तेव्हा परवाना घेतलेली सगळीच मुले मास्तरकीकडे वळतात. जागा थोड्या, उमेदवार फार. पगार पडतो आणि पुष्कळांना तर शिकवण्याच्या अभ्यासक्रमालाच प्रवेश मिळत नाही. म्हणजे ज्या दिवशी मास्तरकीची गरज नसते त्या दिवशी ती सहज मिळते, आणि ज्या दिवशी तिच्यावरच मदार असते त्या दिवशी ती महाग होते. विहिरीला पाणी पावसाळ्यातच असावे, तसे.

म्हणून गरिबाच्या मुलाने आभाळाकडे पाहूच नये का? असे मी म्हणत नाही. ज्या रस्त्याला एकही एकर विकावा लागत नाही तो रस्ता आपल्या उंबरठ्याशी आहे. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी दापोडीहून काही तासांच्या नव्हे, तासाभराच्या वाटेवर. हवाई दलासाठी बारावीला पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि गणित हवे. २०२२ पासून तिथे मुलींनाही प्रवेश आहे आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. तयारीसाठी साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासून आहे, आणि मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरची सरकारी सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून. प्रबोधिनीत शिकण्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. उलट हवाई दलाच्या नव्या अधिकाऱ्याला सातव्या वेतन आयोगाने मूळ वेतन ५६,१०० रुपये, सैनिकी सेवा वेतन १५,५०० आणि वैमानिकाला उड्डाण भत्ता २५,००० ठरवला. महागाई भत्ता त्यावर वेगळा. पुढे यातलेच निवडक वैमानिक तांबरमच्या प्रशिक्षण शाळेत जाऊन प्रशिक्षक होतात. त्यांना जुलैतही तोच पगार मिळतो. निवड कठीण आहे, शंका नाही. पण परीक्षेत नापास झालेल्याचे शेत गहाण पडत नाही.

आणि ज्यांच्याजवळ पैसा आहे, मुलाची ओढ खरी आहे, आणि खासगी संस्थेतच घालायचे ठरले आहे, त्यांच्यासाठी शिक्षकांनी काय करावे? पहिले, पैसे भरण्याआधी वैमानिकाची वैद्यकीय तपासणी करून घ्यायला सांगावे. रंगांधळेपणासारखा दोष शाळेत कधी ध्यानात येत नाही, आणि फी भरल्यावर ध्यानात आला तर तो फार महागात पडतो. दुसरे, संस्थेत गेल्यावर माहितीपत्रक बाजूला ठेवून विचारायला सांगावे, की गेल्या वर्षी दोनशे तास पुरे करायला विद्यार्थ्याला खरोखर किती महिने लागले. प्रशिक्षक किती, त्यांतले सहायक किती, आणि गेल्या वर्षीचे प्रशिक्षक आज कुठे आहेत. प्रशिक्षक टिकत नसतील तर एकाने सुरू केलेला धडा दुसरा पुरा करतो, आणि तास वाढतात. ते तास तुमच्या पैशाचे असतात. मास्तरला पगार ठोक की तासावर, हेही बिनसंकोच विचारावे. पोरगा उद्या त्याच खुर्चीत बसणार म्हणताय ना?

ही भेट दिवाळीच्या सुटीत नको. तेव्हा आभाळ निळे असते, विमाने रांगेने उडत असतात आणि कुणाचेही डोके ठिकाणावर राहत नाही. जुलैत जा. शेडमध्ये किती विमाने उभी आहेत ती मोजा, आणि तिथल्या एखाद्या तरुण सहायक प्रशिक्षकाजवळ जाऊन बसा. पाऊस असेल, तर त्या दिवशी त्याला तुमच्याशी बोलायला भरपूर वेळ असेल.